पदोन्नतीचं पत्र आलंय. वाडीवरची शाळा सोडावी का?

पाटीपेन्सिल

मंडळी, इतकी वर्षं नुसतीच वाचत होते. पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी रायगड जिल्ह्यात एका कातकरी वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. पहिली ते पाचवी, पट ४१, शिक्षक दोन. नोकरीला एकोणीस वर्षं झाली, त्यातली आठ इथेच. आमच्या शाळेला मुख्याध्यापकाचं पदच नाही. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंतच्या शाळेत पट १५० च्या वर गेला तरच ते पद मिळतं. म्हणून चार्ज माझ्याकडे आणि वर्गही माझ्याकडे. सकाळी तांदूळ मोजून द्यायचा, मग पहिली-दुसरीची बाराखडी, ती अर्ध्यावर असताना केंद्रातून फोन, 'मॅडम, बारा वाजेपर्यंत लिंक भरा.' म्हणजे ऑनलाइन माहिती. लिंक भरायला रेंज लागते. रेंज टेकाडावर आहे.

गेल्या आठवड्यात पदोन्नतीचं समुपदेशन, म्हणजे शाळा ठरवायची बैठक, झालं. मला तालुक्याजवळच्या मोठ्या गावाची शाळा मिळालीय, पट १९० च्या आसपास. दहा दिवसांत रुजू व्हायचं, नाहीतर नकार लिहून द्यायचा.

घरचे म्हणतात यात विचार कसला करायचा? पण दिवाळी झाली की आमची वाडी रिकामी होते. वीटभट्टीवाल्याची उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, ती फेडायला अख्खं कुटुंब जातं, मुलांसकट. पहिल्या वर्षी डिसेंबरात माझ्या वर्गात सहा पोरं उरली होती. हंगामी वसतिगृह, कुणाची आजी, कुणाची मावशी असं करत करत गेल्या हिवाळ्यात सतरा पोरं मागे ठेवली. बाकीच्यांना हमी कार्ड दिलं, म्हणजे जातील तिथल्या शाळेत बसता यावं, आणि दर दोन रविवारी भट्ट्यांवर चक्कर मारली. हे कुठल्याच लिंकवर भरता येत नाही.

दुसरी बाजूही सांगते. मी वडार समाजातली. आई खडी फोडायची. सातवीपर्यंत आमच्या शाळेत स्कॉलरशिपचा फॉर्म ठरावीक घरच्या पोरांनाच मिळायचा, मला कधी विचारलंसुद्धा नाही. मग नवीन मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी आईला बोलावून घेतलं आणि समोरच्या खुर्चीत बसवलं. आई खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती, अर्धी हवेत. बाई म्हणाल्या, 'मागे सरकून बसा.' पुढे समाजकल्याणच्या वसतिगृहात राहून मी डी.एड. केलं त्याचं मूळ त्या दहा मिनिटांत आहे. त्या बाई वर्गशिक्षिका असत्या तर फॉर्म त्यांच्या हातात नसता.

म्हणून अडलेय. अनुभवी लोकांनी सांगावं.

जुना_साहेब

ताई, मी शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो. कोरडं बोलतो, राग नको.

पदोन्नतीने पगारात फार फरक पडत नाही. फरक पडतो कागदात. पोषण आहाराची नोंदवही, शालार्थवरची पगारबिलं, यू-डायसची शाळेची माहिती, व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त, बांधकामाची बिलं, निवडणुकीची कामं. माझ्या पाहण्यातले कितीतरी उत्तम शिक्षक मुख्याध्यापक झाल्यावर दोन वर्षांत कारकून झाले. वर्गावर जायचेच थांबले. त्यांचा दोष कमी होता, रचनेचा जास्त.

पण नकार दिलात तर त्या खुर्चीत दुसरं कुणीतरी बसणारच. ती काही तुमच्यासाठी मोकळी राहत नाही.

तिरकस

एवढं भावनिक व्हायचं कारण कळलं नाही. जिल्हा परिषदेत बदली आज ना उद्या होतेच. पगार वाढतोय, घराजवळ जाताय, घ्या की.

आणि एक विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. पदोन्नती ज्येष्ठतेने की कोट्यातून?

पाटीपेन्सिल

ज्येष्ठतेनं. यादीत माझा क्रमांक आला तेव्हा माझ्या पुढचे दोन जण नकार देऊन मोकळे झाले होते, कारण त्यांना तालुका सोडायचा नव्हता. तुमच्या मनातलं विचारलंत हे बरं झालं. स्टाफरूममध्ये न विचारताच ठरवतात.

लेखणीदौत

@तिरकस, माहितीसाठी: पदोन्नतीत आरक्षण देणारा २००४ चा शासननिर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली रद्द केला. मे २०२१ च्या शासननिर्णयाने राखीव पदंसुद्धा ज्येष्ठतेने भरायची ठरली. तेव्हा बढती घेणाऱ्या प्रत्येक बाईकडे पाहून कोटा आठवायची सवय आता तरी सोडा.

धाग्याच्या विषयाबद्दल. खुर्चीत कोण बसतं याने फरक पडतो का, हा वाद १८८२ चा आहे. इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं त्यात नुसत्या शाळा वाढवा एवढंच नव्हतं. प्राथमिक शाळांचे मास्तर होता होईल तो शेतकरी जातींतून तयार करा, ते मुलांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील, असं त्यांनी स्पष्ट मांडलं. त्याच आयोगापुढे पंडिता रमाबाईंची साक्ष झाली. मुलींच्या शाळा तपासायला बायकाच नेमा, ही त्यांची मागणी. दोघांचं एकमेकांशी कितपत जमलं असतं हा वेगळा धागा होईल, पण दोघांनी बोट एकाच जागी ठेवलं: फळ्यापुढे कोण उभं आहे आणि तपासायला कोण येतं.

तुमच्या आईला खुर्चीत मागे सरकून बसायला सांगणाऱ्या बाई मला त्याच निवेदनाचा पुढचा परिच्छेद वाटल्या.

वटवृक्ष

लेखणीदौत, छान. मी साताऱ्याचा, रयतचा विद्यार्थी, त्यामुळे माझी गाडी कुठे जाणार हे सगळ्यांना माहीत आहे.

अण्णा, म्हणजे भाऊराव पाटील, कोल्हापुरात जैन बोर्डिंगात शिकत होते. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं, त्या समारंभाला हे गेले. परत आल्यावर आंघोळ करून आत ये म्हणाले, यांनी नकार दिला आणि बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं. आमच्या शाळेत ही गोष्ट दर २२ सप्टेंबरला, अण्णांच्या जयंतीला, सांगायचे. भाषण झालं की पेढा मिळायचा, म्हणून आम्ही मन लावून ऐकायचो.

मोठा झाल्यावर मला दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटलं. पुढे या माणसाने ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकले. म्हणजे गावोगाव फिरायची, पैसे मागायची, हिशेब ठेवायची सवय झाली. १९१९ ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, त्यात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत. १९२७ ला गांधीजी येऊन गेले, पण पंगत रोज वाढायला पीठ लागतं. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. सामाजिक न्याय हा शब्द फार वरचा झालाय. साताऱ्यात तो पिठाच्या डब्यात मोजत होते.

ताई, तुम्ही तांदूळ मोजता त्याला कारकुनी समजू नका, एवढंच म्हणायचंय.

तिरकस

@वटवृक्ष, सगळं मान्य. पण दर वेळी लक्ष्मीबाई एका वाक्यात येतात आणि दागिने देऊन निघून जातात. वसतिगृहातल्या पोरांना जेवू घालणं, आजारपणं काढणं हे कुणाच्या 'कारकिर्दी'त धरायचं? आणि आजच्या शिक्षणसंस्था बघा. चेअरमन कोण, सचिव कोण, शिक्षक घेताना पाकीट किती. जुन्या माणसांच्या तसबिरींखाली हे सगळं चालतं.

(कोट्याबद्दल विचारलं ते चुकलंच. मागे घेतो.)

वटवृक्ष

लक्ष्मीबाईंचं बरोबर बोललात. माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या शाळेतही त्यांच्या नावाने पेढा नव्हता.

कोसबाडकडची

माझं माहेर डहाणूकडचं. पाटीपेन्सिलताई, वीटभट्टीचं वाचून अंगावर आलं, आमच्या भागातही तेच.

सगळे खुर्चीबद्दल बोलताहेत म्हणून खुर्ची नसलेल्या दोघींबद्दल लिहिते. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली पोरं शाळेत का येत नाहीत याचा जीआर न काढता त्या बघायला गेल्या. मोठी पोरं गुरं राखायला जायची आणि लहान भावंडं सांभाळायची. मग पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरवली. तिलाच अंगणवाडी म्हणायला लागले, आज सरकारी फलकावर दिसतो तो शब्द त्या अंगणातला आहे. गुराख्यांसाठी कुरणशाळा, म्हणजे गुरं चरतील तिथे शाळा. साधनं महागडी नकोत म्हणून बिया, शंख, पानं, माती.

ताराबाई १९७३ ला गेल्या. अनुताई १९९२ पर्यंत त्याच परिसरात होत्या. सत्तेचाळीस वर्षं! माझ्या आजीच्या शेजारणीला त्यांनी वाचायला शिकवलं होतं. ती 'अनुताई' असं म्हणायची नाही, 'आमची बाई' म्हणायची.

माझं मत: राहा. तुम्ही रविवारी भट्टीवर जाता तीच कुरणशाळा. तुमच्यानंतर येणारा माणूस रविवारी भट्टीवर जाईल का?

जुना_साहेब

कोसबाडकडच्या ताईंचा प्रश्न योग्य आहे, उत्तरही सगळ्यांना माहीत आहे. बहुतेक जाणार नाही.

पण ताराबाई आणि अनुताईंची संस्था स्वतःची होती हे विसरू नका. नियम त्यांनी केले. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेला कुरणात शाळा भरवायची म्हटलं तर मी स्वतः तिला नोटीस काढली असती. हे अभिमानाने सांगत नाही. तेव्हा काढलीही असेल एखादी.

हडसनकाठ

उशिरा आले, इथे रात्र असते तुमच्या चर्चेच्या वेळी. मी न्यू जर्सीत सरकारी शाळेत उपमुख्याध्यापिका आहे, मूळची अकोल्याची. इथे शैक्षणिक नेतृत्व हा वेगळा अभ्यासक्रम आणि त्याचा वेगळा परवाना. नुसत्या ज्येष्ठतेवर कुणी मुख्याध्यापक होत नाही. २०२० नंतर विविधता आणि समान संधी यासाठी खास पदं निघाली, माझ्या दोन मैत्रिणी तिकडे गेल्या. २०२३ ला इथल्या सर्वोच्च न्यायालयाने कॉलेजप्रवेशात वंशाचा विचार करण्यावर बंदी आणली, २०२५ च्या जानेवारीत नवीन सरकारने अशा कार्यक्रमांविरुद्ध आदेशच काढले. एका मैत्रिणीचं पद गेलं, दुसरीच्या दारावरची पाटी बदलली, काम तेच. खास पद म्हणजे सगळ्यात आधी छाटता येणारी फांदी, हे इथे शिकले.

पण मला सांगायची होती ती जुनी गोष्ट. १९५४ साली ब्राउन खटल्याचा निकाल लागला, गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या. शाळेत असताना मी हे नुसतं विजय म्हणून वाचलं होतं. पुढे काय झालं ते इथे कोर्स करताना कळलं. काळ्या मुलांच्या शाळा बंद करून मुलं गोऱ्यांच्या शाळांत घातली, आणि काळे शिक्षक, मुख्याध्यापक घरी बसवले. दक्षिणेकडच्या आणि सीमेवरच्या १७ राज्यांत पुढच्या दहा-अकरा वर्षांत ३८,००० च्या वर लोकांच्या नोकऱ्या गेल्या असं सांगतात. त्यातले मुख्याध्यापक म्हणजे त्यांच्या वस्तीतले मोठे लोक, पोराच्या आजोबांना नावाने ओळखणारे. मुलांना बाक मिळाला आणि खुर्ची गेली. ती खुर्ची अजून पुरती परत आलेली नाही.

म्हणून पाटीपेन्सिल, मिळतेय ती सोडू नका. भावनेने नाही, हिशेबाने सांगतेय.

लेखणीदौत

हडसनकाठ, हे माहीत नव्हतं, आभार.

याला एक आडवी फांदी जोडतो. बाबासाहेबांनी १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० ला औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय. मिलिंदला प्राचार्य म्हणून आणले म. भि. चिटणीस, जे स्वतः दलित नव्हते. मराठवाड्याच्या खेड्यांतून, अंगावरच्या एका जोडीनिशी आलेल्या पोरांनी तिथे लिहायला सुरुवात केली आणि दलित साहित्याचा मोठा भाग त्या आवारातून निघाला. तेव्हा खुर्चीत कुठल्या जातीचा माणूस बसतो एवढ्यावर भागत नाही, त्याला कुणी आणि कशासाठी बसवलं हेही येतं. पुढे त्याच प्राचार्यपदावर म. ना. वानखेडे आले, ते त्या चळवळीतलेच. माझ्या मते दोन्ही लागतं, पण या क्रमाने लागतं का, यावर माझं आणि माझ्या भावाचं वीस वर्षं भांडण आहे.

तिरकस

भावालाही इथे आणा, धागा शंभरी गाठेल.

खडूधूळ

मी बारा वर्षं खासगी अनुदानित शाळेत आहे. चर्चा वरच्या मजल्यावर गेलीय म्हणून खाली आणतो.

ताई, नवीन शाळेत गेल्यावर पहिल्या महिन्यात करता येईल असं एक काम सांगतो: व्यवस्थापन समितीची यादी काढा. कायद्याने तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात, आणि दुर्बल घटकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा. कागदावर हे सगळीकडे बरोबर असतं. बैठक मात्र सकाळी अकराला ठेवतात, तेव्हा मजुरी करणारी बाई येईल कशी? मग सह्या घरी जाऊन घेतात. तुम्ही सचिव असणार, वेळ तुम्हीच ठरवणार. संध्याकाळी सातची ठेवून बघा. आमच्याकडे एका बाईंनी ठेवली तेव्हा पहिल्याच बैठकीत मुलींच्या संडासाच्या कडीचा विषय निघाला. कडी चार वर्षं तुटलेली होती. एकाही इतिवृत्तात नव्हती.

पाटीपेन्सिल

खडूधूळ सर, हे वहीत लिहून घेतलं. आमच्या वाडीवर मी रात्री आठलाच बैठक घेते, कारण त्याआधी कुणी कामावरून येतच नाही. अध्यक्षबाई अंगठा देतात, पण तेलाचा डबा उघडून वास घेऊन सांगतात तेल जुनं आहे म्हणून. हे मोठ्या गावात चालेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

सगळ्यांचं दोनदा वाचलं. कोसबाडकडच्या ताईंचं वाचून काल रडू आलं, खरं सांगते. काल अध्यक्षबाईंना पत्राचं सांगितलं. मला वाटलं नका जाऊ म्हणतील. त्यांनी विचारलं, 'तिकडं गेल्यावर सायबाला तुम्ही फोन लावणार की सायब तुम्हाला?' मी म्हटलं दोन्ही. तर म्हणाल्या, 'मग आमच्या पोरांचं सहावीचं बघा तिथं. पाचवी झाली की समदी भट्टीला जातात.'

आठ वर्षांत मी पाचवीपर्यंतचाच विचार करत होते. नवीन शाळा पहिली ते सातवी आहे आणि वाडीपासून नऊ किलोमीटर. एसटी सकाळी एकच.

रुजू होतेय. सोमवारी चार्ज द्यायचा आहे.

कोसबाडकडची

अध्यक्षबाईंनी मला निरुत्तर केलं. जा. पण रविवारचं काय?

पाटीपेन्सिल

रविवार माझाच आहे ना. भट्ट्या तिथून उलट जवळ पडतात. माझ्या जागी येणारे सर तरुण आहेत, बीडचे, त्यांचे आईवडील ऊसतोडीला जायचे असं फोनवर म्हणाले. बघू.

हडसनकाठ

एसटीचं काही करता येतं का बघा. कायद्यात वाहतुकीची काही तरतूद आहे का? इथे पिवळी बस नसती तर निम्मी मुलं आली नसती.

जुना_साहेब

घरापासून शाळा लांब असेल तर वाहतूक भत्त्याचा प्रस्ताव जातो. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जूनच्या आधी द्या, जूननंतर दिलात तर पुढच्या वर्षावर जाईल. मुलांच्या नावांची यादी आणि अंतराचा दाखला जोडा. मसुदा हवा असेल तर व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

आता चार्जचं. यादी दोन प्रतींत करा. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही, समोर ठेवून एकेक वस्तू हातात घेऊन मोजा, कितीही विश्वास असला तरी. तांदळाची शिल्लक त्याच दिवशी वजन करून लिहा. यावर लोकांची पेन्शन अडकलेली मी पाहिली आहे.

पाटीपेन्सिल

हो सर. यादी करायलाच बसलेय. ताटं ४१, पैकी दोन चेपलेली. वाट्या ३८. वजनकाटा १. कपाट १, उजवं दार लागत नाही. टॅब २, पैकी १ बंद.

खाली कोऱ्या जागेत शिसपेन्सिलनं सतरा नावं लिहिलीत, प्रत्येकाच्या पुढे हिवाळ्यात कुणाकडे राहतं ते. आजी, मावशी, वसतिगृह. दोघांच्या पुढे काहीच लिहिता आलेलं नाही, त्यांची आजी वैशाखात गेली.

जुना_साहेब

ते पान शाईने लिहा. पेन्सिल पुसली जाते.